ताडोबाचा वाटाड्या : एका हिवाळी वनफेरीचा इतिहास

१/२२
महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्र राज्याने घोषित केलेले नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली अस्तित्वात आले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. महाराष्ट्राचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. ताडोबाच्या इतिहासात अशा अनेक गोष्टी आहेत, ज्या जिप्सीत बसून वाघाची वाट पाहताना आपल्या ध्यानात येत नाहीत. आजचा थ्रेड त्यांतील एका प्रश्नाभोवती आहे : या अरण्यात कोण कोणाला घेऊन जात आले? म्हणजेच हा वाटाड्याचा इतिहास आहे.

२/२२
प्रारंभ आजच्या काळापासून करू. डिसेंबरची पहाट. चंद्रपूरहून सुमारे ३० किलोमीटरवरील मोहर्लीचे प्रवेशद्वार. वाटेत औष्णिक वीज केंद्राची धुराडी आणि पद्मापूरची कोळसा खाण मागे पडली आहे. उन्हाळ्यात देशातील अत्यंत तप्त जिल्ह्यांत गणले जाणारे चंद्रपूर या वेळी गारठलेले असते. इरई धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा उघड्या गाडीत अंगाला झोंबतो. ओळखपत्रे तपासली जातात, परवान्यावरील नावे जुळवली जातात. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि चालकाशेजारी एक गाईड. फाटक उघडते आणि दिवसाची फेरी सुरू होते.

३/२२
या फेरीतील प्रत्येक गोष्टीला नियम आहे. गाडीतून उतरता येत नाही. ठरलेला रस्ता सोडता येत नाही. ठरलेल्या वेळेत बाहेर पडावे लागते. मंगळवारी उद्यान बंद, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र तीन महिने बंद. गाईडशिवाय आत जाताच येत नाही. हा गाईड बहुधा जवळच्याच गावचा तरुण असतो. अलीकडे गावातील स्त्रियाही हे काम करतात. आपण त्याला वाघ दाखवणारा माणूस समजतो. पण त्याच्या जागी याआधी कोण बसत असे आणि तेव्हा मागे बसणारी माणसे कशासाठी येत, हे पाहिले की या अरण्याचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास उलगडतो.

४/२२
परवाना, फाटक आणि जिप्सी यांच्या फार आधीपासून लोक हिवाळ्यात या जंगलात येत होते. त्यांच्या येण्याचे कारण होते तारू. ताडोबा तलावाच्या काठी एका विशाल वृक्षाखाली तारूचे ठाणे आहे. पौष महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, परिसरातील आदिवासी तेथे जत्रेला जात. धानाची कापणी झालेली, वाटा कोरड्या, ओढ्यांना बेताचे पाणी आणि तलाव भरलेला. बैलगाडीने अथवा पायी जंगल ओलांडण्यास याहून सोयीचा काळ नाही. ताडोबाची हिवाळी सहल पर्यटन खात्याच्या जन्माआधीची आहे आणि तिचे मूळ नाव यात्रा आहे.

५/२२
तारू कोण होता? सर्वांत प्रचलित आख्यायिका अशी की तो एका गावाचा प्रमुख होता. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला. लोकांनी त्याला देवत्व दिले आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव रूढ झाले. अशी दैवते मध्य भारताच्या वनप्रदेशात अनेक ठिकाणी आढळतात. वाघाने मारलेल्या माणसाचे ठाणे उभारायचे, त्याला नैवेद्य दाखवायचा आणि जंगलात शिरण्याआधी त्याची आठवण करायची. ज्या प्रदेशात मोहफुले, तेंदूपाने, बांबू आणि जळण यांसाठी रोज वाघाच्या वाटेवरून जावे लागते, तेथे हा विधी म्हणजे रोजच्या जगण्याचाच भाग होता.

६/२२
दुसरी आख्यायिका तलावाची आहे आणि ती एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गॅझेटियरातही नोंदलेली आढळते. गवळ्यांचे एक वऱ्हाड या डोंगरांतून चालले होते. तहानेने जीव कासावीस झाला, तेव्हा एक गूढ वृद्ध प्रकटला आणि त्याने वधूवरांना जमीन खणण्यास सांगितले. पाण्याचा झरा उसळला. सर्वांनी तहान भागवली. पण पाणी वाढतच गेले आणि वऱ्हाड त्यात बुडाले. पुढे काठावर एक ताडाचे झाड उगवले. ते दिवसा वर येई आणि संध्याकाळी भूमीत जाई. एक यात्रेकरू धाडस करून त्याच्या शेंड्यावर बसला, झाडासोबत आकाशात गेला आणि सूर्याच्या तापाने जळून गेला. झाडाची राख झाली आणि त्या जागी देवाची मूर्ती प्रकटली.

७/२२
याच कथेचा एक उपभाग आहे. यात्रेकरूंनी प्रार्थना केली की तलावातून स्वयंपाकाची भांडी वर येत. काम झाल्यावर ती धुऊन पाण्यात परत करायची. एका लोभी माणसाने ती ठेवून घेतली आणि तेव्हापासून भांडी येणे थांबले. अशी कथा महाराष्ट्रातील अनेक तलावांविषयी सांगितली जाते, त्यामुळे तिला ऐतिहासिक घटना मानण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील व्यवहार लक्षात घेण्याजोगा आहे. जंगल देते, वापरणाऱ्याने ते परत ठेवायचे असते, आणि एकाने नियम मोडला तर सर्वांचे नुकसान होते. हा नियम सांगण्यासाठी फाटकावर पाटी नव्हती. तो यात्रेकरूंच्या तोंडी कथेत होता.

८/२२
आता पुन्हा जिप्सीत येऊ. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर उंच दगडी खांब दिसतात. गाईड गाडी हळू करायला सांगतो आणि म्हणतो, "हा गोंड राजांचा वायरलेस." त्याच्या सांगण्यानुसार खांबांच्या माथ्यावरील छिद्रांतून दोर ओवलेला असे आणि दोराला घंटा बांधलेल्या असत. राजा निघाला की दोर ओढायचा, म्हणजे पुढील चौकीला खबर मिळे. पर्यटकांना ही गोष्ट फार आवडते. घरी परतल्यावर वाघ दिसला नाही हे सांगताना माणसे निदान या खांबांची गोष्ट तरी सांगतात.

९/२२
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे जरा थांबावे. दाट जंगलातून मैलोगणती ताणलेला दोर स्वतःच्याच वजनाने खाली येतो, पावसात कुजतो, गव्यांच्या कळपाने तुटतो. अशा दोराने दूरवरची घंटा वाजवणे अवघड वाटते. खांब मार्ग दाखवण्यासाठी उभारले असावेत, हे अधिक साधे अनुमान आहे. पण दोन्ही अर्थांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे : हा राबता रस्ता होता. कोणीतरी त्यावर श्रम व पैसा खर्च केला होता, कारण त्यावरून माणसे नियमित जात होती. ताडोबा हे 'मानवी स्पर्श न झालेले' अरण्य कधीच नव्हते. रस्ते, तलाव, गावे, ठाणी आणि वाघ हे सर्व येथे एकत्र होते.

१०/२२
चांद्याच्या गोंड राजांचे राज्य या परिसरावर कित्येक पिढ्या होते. बल्लारपूरचा किल्ला आणि चंद्रपूरचा परकोट ही त्याची आजही दिसणारी चिन्हे. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला. तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि चांदाही त्यांच्याकडे गेला. १८५८ साली बाबूराव शेडमाके यांनी याच वनप्रदेशात इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. यानंतर इंग्रजी सत्तेचे लक्ष जंगलाकडे वळले ते मुख्यतः सागवानासाठी. रेल्वे, पूल, इमारती, सर्वांना लाकूड हवे होते.

११/२२
१८७८ च्या वन कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. राखीव जंगलात परवानगीविना चराई, तोड, शिकार, किंबहुना प्रवेशही गुन्हा ठरला. कालपर्यंत जो हक्क मानला जात होता तो आता सवलत झाला आणि सवलत काढून घेता येते. त्याच वेळी वन खात्याला मजूर हवे होते. म्हणून मध्य प्रांतात अनेक वनग्रामे वसवली किंवा राहू दिली गेली. लोकांनी जंगलात राहायचे, कसायला थोडी जमीन घ्यायची आणि बदल्यात वणवा विझवणे, तोडणी, रस्ते यांसाठी श्रम द्यायचे. जंगल ओळखणारा माणूस येथून पुढे दुसऱ्याच्या कामावर असलेला माणूस झाला.

१२/२२
त्या कामांपैकी एक होते शिकारीचे. इंग्रज अमलात वाघ हे 'हिंस्र श्वापद' होते आणि त्याला मारण्याबद्दल सरकारी इनाम मिळे. अधिकाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी तो मानाचा खेळही होता. या खेळाचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असे. तंबू ठोकले जात, बैलगाड्यांतून सामान येई आणि साहेब कोणत्या बाजूने जंगलात शिरेल हे गावचा एखादा माणूस ठरवी. पंजाचा ठसा ताजा आहे की कालचा, वाघीण पिलांसह आहे की एकटी, पाणी कोणत्या ओढ्यात उरले आहे, हे सर्व त्याला ठाऊक असे. ताडोबाच्या गाईडचा पूर्वज शोधायचा तर तो येथे सापडतो.

१३/२२
हाका म्हणजे काय, हे आजच्या वाचकासाठी थोडे सविस्तर सांगतो. आमिष म्हणून रेडा बांधायचा. वाघाने तो मारला की जवळच्या दाट झाडीत वाघ विश्रांती घेणार हे गृहीत धरायचे. एका टोकाला मचाणावर बंदूकधारी. दुसऱ्या टोकाकडून गावकऱ्यांची रांग ढोल, डफडी आणि आरोळ्यांनी वाघाला त्याच्याकडे रेटत आणी. दोन्ही बाजूंच्या झाडांवर माणसे बसवलेली असत. वाघ भलतीकडे वळू लागला की ती खोड ठोकून त्याला परत वाटेवर आणत. जखमी वाघ उलटला तर तो प्रथम या पायी चालणाऱ्या हाकाऱ्यांवर. अशा शिकारींच्या छायाचित्रांत साहेबाचे नाव असते, वाघाची लांबी असते. हाकाऱ्यांची नावे क्वचितच असतात.

१४/२२
ताडोबा परिसरात १९३५ साली शिकारीला बंदी झाली. दोन दशकांनी, १९५५ साली, सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने राष्ट्रीय उद्यानांविषयी कायदा केला होता. प्रसिद्ध कान्हा उद्यानही त्याच वर्षीचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे ताडोबा आणि कान्हा एकाच राज्याची, एकाच वर्षीची अपत्ये असून आज सीमेच्या दोन बाजूंना आहेत. हा योगायोग शालेय पुस्तकांत सहसा येत नाही.

१५/२२
बंदी उद्यानापुरती होती. उद्यानाबाहेरील जंगलात परवाने घेऊन शिकार चालूच राहिली. स्वातंत्र्यानंतरही परदेशी पाहुण्यांना व्याघ्रशिकार घडवून देणाऱ्या व्यावसायिक कंपन्या मध्य भारतात होत्या. १९७० साली देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात केवळ १,८२७ वाघ असल्याचे अनुमान निघाले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून मेळघाट निवडले गेले. ताडोबा त्यात नव्हते. आज वाघासाठी देशभरातून लोक जेथे येतात, ते ठिकाण पहिल्या यादीत नव्हते, हे लक्षात असू द्यावे.

१६/२२
१९८६ साली लगतचे सुमारे ५०९ चौरस किलोमीटरचे जंगल अंधारी अभयारण्य म्हणून घोषित झाले. नाव अंधारी नदीवरून. १९९५ मध्ये उद्यान आणि अभयारण्य मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. हे मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र. २०१० मध्ये त्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र अधिसूचित झाले. कागदावर हे क्षेत्रफळाचे आकडे आहेत. जमिनीवर मात्र या सीमांच्या आत माणसांची गावे होती : बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी. तेथे शेती होती, गुरे होती, पिढ्यान्‌पिढ्यांची देवस्थाने होती.

१७/२२
२००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा मानवी वावरापासून मुक्त असावा, मात्र गावांचे स्थलांतर स्वेच्छेनेच व्हावे, असे तिच्यात म्हटले आहे. २००८ पासून केंद्राच्या योजनेत एका कुटुंबाला १० लाख रुपये मोबदला ठरला. ताडोबात २००७ साली बोटेझरी आणि कोळसा येथील काही कुटुंबे भगवानपूर या नव्या वस्तीत गेली. पुढील दशकात नवेगाव आणि जामणी यांचेही स्थलांतर झाले. काहींना शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आला आणि रानडुकरांपासून पीक राखण्याचे जागरण संपले. काहींना मोह, तेंदू आणि बांबू दूर गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकाच घरात दोन्ही ऐकायला मिळू शकतात.

१८/२२
आज जामणीच्या गवताळ मैदानावर जिप्सी थांबतात. जुनी शेते गवताने व्यापली, गवतावर चितळ आले, चितळांमागे वाघ आले. छायाचित्रकारांसाठी ते उत्तम ठिकाण आहे. पण मोकळ्या जागेत एखादे डेरेदार आंब्याचे झाड दिसले, तर ते कोणीतरी लावलेले असू शकते. एखादी सपाट जागा कोणाचे तरी अंगण असू शकते. इतिहास वाचायला शिकलेल्या माणसाने वाघाच्या मागील ही पार्श्वभूमीही पाहावी. वाघाचे संरक्षण यशस्वी झाले, यात शंका नाही. त्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न त्या यशाला कमी करत नाही; तो हिशेब पूर्ण करतो.

१९/२२
जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम स्थगिती दिली. ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह ती उठली आणि पर्यटन गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागापुरते मर्यादित झाले. त्या महिन्यांत एक गोष्ट उघड झाली. फाटक बंद होताच मोहर्लीसारख्या गावांतील गाईड, चालक, खानावळवाले यांची मिळकतही धोक्यात आली. एकेकाळी वाघ मारण्यावर मजुरी मिळे. आता वाघ जिवंत असण्यावर मिळते. ज्ञान तेच आहे. चितळाचा इशारा, वानराची खाकर, धुळीतला पंजा, सांबराने एकटक रोखलेली नजर, हे गाईड जसे वाचतो तसेच त्याचा पणजोबा वाचत असे.

२०/२२
पण सर्वांचा धोका सारखा नाही. उघड्या जिप्सीतील पर्यटक बऱ्यापैकी सुरक्षित असतो. पायी चालणारा नसतो. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या गाभ्यात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरत असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तीही हिवाळ्यातली सकाळच होती. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सरपण, मोहफुले किंवा गुरे यांसाठी जंगलात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तारूची कथा या प्रदेशात जुनी झालेली नाही. फरक इतकाच की आज अशा मृत्यूनंतर ठाण्याऐवजी पंचनामा होतो आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरला जातो.

२१/२२
हा प्रश्न केवळ आपला नाही. युरोपातील पहिली राष्ट्रीय उद्याने स्वीडनने १९०९ साली स्थापन केली. त्यांतील अबिस्को आणि सारेक आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेस, सामी लोकांच्या रेनडिअर-चराईच्या भूमीत आहेत. सारेकचा समावेश असलेले लापोनिया १९९६ साली जागतिक वारसा झाले आणि आज त्याच्या व्यवस्थापनात सामी प्रतिनिधींचे बहुमत आहे. आपल्याकडे, उद्यानांच्या बाहेर का होईना, गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळवणाऱ्या गावांत त्याचे नाव घेतले जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने हक्क मिळाल्यावर, तेंदूसाठी होणारी छाटणी आणि वणवे टाळण्यासाठी, तेंदूची तोड स्वतःहून थांबवली. राखण्याचे ज्ञान असणाऱ्यांना राखण्याचा अधिकार दिला तर काय होते, याची ही उदाहरणे आहेत.

२२/२२
शेवटी तलावाकाठी येऊ. सूर्य वर आला आहे, धुके विरले आहे, काठावर मगर ऊन खात पडली आहे. त्याच काठावर तारूचे ठाणे आहे. ज्या अरण्यात त्याचे भक्त कधीकाळी बैलगाड्या जुंपून येत, तेथे आज प्रत्येकाला परवाना लागतो; वाघासाठी तो आवश्यक आहे, हेही मान्य करावे लागते. या हिवाळ्यात आपण ताडोबाला गेलात तर गाईडला वाघाखेरीज आणखी तीन प्रश्न विचारा. त्याचे गाव कोणते? आजोबा काय काम करीत? आणि या मैदानावर पूर्वी कोणते गाव होते? वाघ दिसणे नशिबावर आहे. ही उत्तरे मात्र पुढच्याच आसनावर बसलेली असतात. थ्रेड आवडला तर आपल्या सहलीच्या गटात अवश्य पाठवा आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मित्रांनो, आपल्या गावातील तारूच्या आठवणी खाली लिहा.